धीरोजी बिबट्याने किमतीवर धरलेला दबा

एका जंगलात, मुलांनो, वीज आली होती. ती कुठून आली ते विचारू नका. तुमच्या घरी ती कुठून येते आणि ऐन जेवणाच्या वेळी कुठे जाते, हे तुम्ही कधी कुणाला विचारलेत? नाही ना? मग जंगलातल्या प्राण्यांनीही विचारले नाही. त्यांनी आनंदाने शेपट्या हलवल्या आणि विजेवर चालणारी काय काय यंत्रे मिळतात ते पाहायला सगळे दुकानात गेले.

दुकान एकच होते. ते रंगनाथशेठ कोल्ह्याचे. वडाच्या दोन मोठ्या पारंब्यांमध्ये त्याने काच बसवली होती. काचेमागे यंत्रे होती आणि काचेपुढे जंगल होते.

या जंगलात धीरोजी नावाचा बिबट्या राहत असे. दबा धरावा तर धीरोजीने, असे सगळे म्हणत. त्याच्या पाठीवर मुंग्या चढत, नाकावर माशी बसे, पण धीरोजीच्या मिशीचा केस हलत नसे. सावज पंजाच्या टप्प्यात आल्याशिवाय उडी घ्यायची नाही, हा त्याचा धर्म होता. घाई करणाऱ्या प्राण्यांबद्दल त्याला मनापासून कीव वाटे.

हा धर्म त्याला आईने शिकवला होता. आईचे नाव ताराऊ. एके काळी दोन डोंगरांमधली सगळी भेकरे तिच्या नावाने दचकून उठत. आता ती म्हातारी झाली होती. दात गेले होते. मांस तोडता येत नसे, हाड तर लांबच. एकच गोष्ट तिला गिळता येई, आणि ती म्हणजे कलेजी.

आता कलेजीचे कसे असते, ते तुमच्या आईला विचारा. आज ताजी, उद्या वास, परवा माश्या. धीरोजी आठवड्यातून एकदा शिकार करी. पहिल्या दिवशी आई पोटभर खाई. दुसऱ्या दिवशी नाक मुरडून खाई. मग पुढची शिकार होईपर्यंत झऱ्याचे पाणी पिऊन पडून राही.

फाल्गुन सरता सरता अस्वल वैद्य तिला तपासायला आले. त्यांनी तिची नाडी पाहिली, बरगड्या पाहिल्या. बरगड्या पाहायला फार कष्ट पडले नाहीत.

"दुखणं काही नाही," वैद्य म्हणाले. "उपासमार आहे. रोज चार घास कलेजी पोटात गेली तर म्हातारी अजून दोन पावसाळे बघेल. नाही गेली तर हाही बघणार नाही. धीरोजी, फ्रीज घ्या."

"घेतो की," धीरोजी म्हणाला आणि लगेच निघाला.

त्याची ऐपत नव्हती असे नाही. त्या जंगलात व्यवहार शिंगांत चालत, आणि शिकाऱ्याच्या घरी शिंगांना तोटा नसतो. तो दुकानात गेला. फ्रीज काचेमागेच उभा होता. पांढराशुभ्र, दोन दारांचा. रंगनाथशेठने दार उघडून दाखवले. आतून असा गारवा आला की धीरोजीचे डोळे आपोआप मिटले.

"बांधू का?" शेठने विचारले.

धीरोजीने तोंड उघडले. 'बांधा' हा शब्द जिभेवर आलाही होता. एवढ्यात त्याची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली. पाटीवर लिहिले होते : 'येत आहे! पालवी महोत्सव! भव्य सूट!'

धीरोजीने तोंड मिटले. तो दोन पावले मागे सरकला. पोट जमिनीला टेकवले. कान मागे पाडले.

"काय झालं, साहेब?" शेठने घाबरून विचारले.

"काही नाही," धीरोजी हळूच म्हणाला. "किंमत अजून टप्प्यात आलेली नाही."

त्याच वेळी दौलत तरस दुकानात आला. त्याने तोच फ्रीज दाखवला, सांगितली तेवढी शिंगे मोजून दिली आणि फ्रीज खांद्यावर घेतला.

"दौलतराव," धीरोजीला राहवले नाही, "महोत्सव तोंडावर आलाय."

"आमच्या मंडळींना बर्फ चघळायचाय," तरस खिदळत म्हणाला. "आज चघळायचाय म्हणतात. महोत्सवापर्यंत थांबा म्हणालो तर मलाच चघळतील."

"तुला तर शिळंच आवडतं. फ्रीज कशाला?"

"मला शिळं आवडतं. बायकोला नाही आवडत. संसार दोघांचा असतो, धीरोजीराव." जाता जाता तो थांबला. "म्हातारीचं कळलं मला. तोवर तिची कलेजी आमच्याकडे ठेवा की. वरचा कप्पा रिकामाच आहे."

बिबट्याची शिकार, आणि ठेवायची तरसाच्या घरी! मुलांनो, या दोन घराण्यांत पिढ्यान् पिढ्या याच एका विषयावर बोलणी चालू होती, आणि ती नेहमी झाडाच्या शेंड्यावरून होत. धीरोजीने आभार मानले आणि नको म्हटले. घरी जाताना तो मनात म्हणाला, 'पूर्ण किमतीला घेतला. तरस तो तरसच.'

आईला त्याने सगळे समजावून सांगितले. आई म्हणाली, "बरं. थांबू."

पालवी महोत्सव आला. जंगलाच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात होती. दुसऱ्या पानावरही होती. तिसऱ्या पानावर, जाहिरातीतून उरलेल्या जागेत, पूर्वेकडचा पाणवठा आटल्याची बातमी होती. ती वाचायला भिंग लागे, आणि भिंगावर सूट नव्हती.

धीरोजी पहाटेच दुकानापुढे दबा धरून बसला. दार उघडताच त्याने झेप घेतली. फ्रीजवर नवी चिठ्ठी होती. तिच्यावर एक मोठी किंमत लाल रेघेने खोडली होती आणि खाली छोटी किंमत लिहिली होती. दहा टक्के सूट. खोडलेली किंमत त्या फ्रीजला आदल्या दिवसापर्यंत कधीच नव्हती, आणि छोटी किंमत म्हणजे दौलतने दिलेलीच किंमत होती. पण धीरोजीने आकडे पाहिलेच नाहीत. तो रेघ पाहत होता. लाल रंग दिसला की शिकाऱ्याचे असे होते.

"बांधू?" शेठने विचारले. मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही घरचे म्हणून सांगतो. वैशाखात करवंद महोत्सव आहे. तेव्हा वीस टक्के."

धीरोजीच्या मिशा थरथरल्या. "वीस?"

"मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

धीरोजी पुन्हा जमिनीला टेकला. पण झेप घेऊन झाली होती, आणि झेप घेऊन रिकाम्या तोंडाने घरी जाणे बिबट्याला शोभत नाही. म्हणून त्याने पाव भाजायचे यंत्र घेतले. त्यावर पन्नास टक्के सूट होती.

आईने यंत्र हुंगून पाहिले.

"यात काय ठेवायचं?"

"पाव."

"पाव म्हणजे काय रे?"

धीरोजीलाही नीट माहीत नव्हते. "तो वेगळा घ्यावा लागतो," तो म्हणाला.

ऊन वाढू लागले. कलेजी आता दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकेना. सकाळची शिकार दुपारी वास मारू लागली. आईच्या अंगावरचे ठिपके जवळ जवळ येऊ लागले, कारण मधली ताराऊ कमी होत चालली होती.

करवंद महोत्सव आला. वीस टक्के सूट होती. खोडलेली किंमत आणखी मोठी झाली होती आणि रेघ आणखी जाड. या खेपेला शेठने काही सांगायच्या आधीच धीरोजीने विचारले, "पुढं काय आहे?"

"पुढं?" शेठने चहूकडे पाहिले. "पुढं राजेसाहेबांचा वाढदिवस. महासेल. चाळीस टक्के. पण साहेब, ऊन फार आहे. म्हातारीचं—"

"मी धीराचा आहे," धीरोजी म्हणाला.

त्या दिवशी तो जागच्या जागी पळायचे यंत्र घेऊन आला. साठ टक्के सूट होती. एवढी सूट दिसत असताना सोडून येणे त्याच्या जिवावर आले. यंत्र गुहेत मावेना म्हणून आईचा बिछाना दाराशी सरकवला. दाराशी ऊन येई.

आईने त्या यंत्राच्या पट्ट्यावर पंजा ठेवून पाहिला.

"यावर चढून पळायचं?"

"हो."

"आणि पोचायचं कुठं?"

"कुठंच नाही. तब्येतीसाठी असतं."

"धीरू," आई म्हणाली, "एक विचारू? मी तुला दबा धरायला शिकवलं. कशावर शिकवलं?"

"सांबरावर."

"सांबर पाण्यावर का येतं?"

"तहान लागते म्हणून."

"मग? किंमत कशाला येईल पाण्यावर? तिला कुठं तहान लागते? तहान लागलीय ती आपल्याला, बाळा."

धीरोजी हसला. जुन्या पिढीला बाजार कळत नाही, हे तो जाणून होता. "आई, तू पड. चाळीस टक्के म्हणजे काय ते तुला वाढदिवसाला कळेल."

मग ज्येष्ठ लागला. एका दुपारी धीरोजी शिकारीहून परतला तर गुहेतून गूं असा आवाज येत होता. आत गारवा होता. जागच्या जागी पळायचे यंत्र उन्हात बाहेर काढले होते, आणि त्याच्या जागी दोन दारांचा पांढराशुभ्र फ्रीज उभा होता. आई त्याला टेकून बसली होती. तिच्यापुढे कलेजीचा तुकडा होता, मागच्या आठवड्यातल्या भेकराचा. तो ताजा होता.

"तेव्हा उरलेली मी वास यायच्या आधीच दौलतकडे ठेवायला दिली होती," आई चाटत चाटत म्हणाली. "आज हा घेतला आणि ती घेऊन आले. चांगला आहे पोरगा. एक तुकडासुद्धा चावला नाही त्यानं."

धीरोजीच्या तोंडातले भेकर खाली पडले.

"कुठून आणलास?"

"शेठकडून. त्याची रानडुकरं ठेवून गेली. दुसरीकडे कुठं मिळतो?"

"कशानं घेतलास?"

आईने बिछान्याकडे पाहिले. उशाला तिच्या पहिल्या शिकारीची शिंगे असत, मोठ्या बाराशिंग्याची. धीरोजी लहानपणी त्यांत अडकून रडला होता. ती आता तिथे नव्हती.

"किती टक्के?" धीरोजीने विचारले.

"कसले टक्के?"

"सूट किती मिळाली?"

"सूट कुठली? भूक लागली होती, घेतला."

मुलांनो, धीरोजीने आयुष्यात खूप काही सोसले होते. काट्यात अडकला होता, रानडुकराच्या सुळ्यांनी फाटला होता. पण असा घाव त्याला कधी बसला नव्हता. त्याच्या स्वतःच्या आईने, त्याच्याच गुहेत, पूर्ण किमतीला!

"आई, वाढदिवस पंधरवड्यावर आलाय गं! पंधरवडा निघत नव्हता?"

"माझा निघत नव्हता."

"लोक काय म्हणतील? धीरोजीच्या घरी पूर्ण किमतीची वस्तू? तो दौलत तोंडावर हसेल माझ्या!"

"तो तसाही हसतो. तरस आहे तो."

"मी तुझ्याच भल्यासाठी बोलतोय. तुझी शिंगं गेली ना! चाळीस टक्के शिंगं वाचली असती ना!"

"ही पाव भाजायची आणि पळायची यंत्रं आणलीस, त्यात दोन फ्रीज आले असते, धीरू."

"ती सेलमध्ये होती!" धीरोजी ओरडला.

आईने उरलेला तुकडा पंजाखाली ओढून घेतला आणि गिळला. धीरोजीने फ्रीजची वायर काढली. गूं असा आवाज थांबला. त्याने फ्रीज पाठीवर घेतला आणि वडाकडे चालू लागला. वाटेत पाठीला गारवा लागत होता. बरे वाटत होते. पण त्याने मन घट्ट केले.

रंगनाथशेठने फ्रीज परत घेतला. आढेवेढे घेतले, पण घेतला.

"शिंगं?" धीरोजीने विचारले.

"शिंगं परत देण्याची पद्धत नाही, साहेब. त्या बदल्यात कूपन मिळतं." शेठने वडाचे एक पान दिले. त्यावर ठसा होता. "फक्त महासेलमध्ये चालतं. पाच टक्के जादा सूट."

"जादा?"

"चाळीसवर पाच."

धीरोजी पान छातीशी धरून घरी आला. "आई, तुझ्यामुळे पाच टक्के जादा मिळाले," तो म्हणाला. त्याला वाटले, आता झाले-गेले विसरून जावे. आईने नुसती मान हलवली. ती पुन्हा पाण्यावर आली होती.

राजेसाहेबांचा वाढदिवस उजाडला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर राजेसाहेबांचा फोटो होता. राजेसाहेब फ्रीजला टेकून उभे होते. दुकानापुढे अशी झुंबड उडाली की दोन सशांचे कान सोलवटले आणि एका साळिंदराभोवती आपोआप जागा झाली. धीरोजी वडाच्या फांदीवर होता. त्याने कुणाला ढकलले नाही. दार उघडले. फ्रीजवरची चिठ्ठी वाऱ्याने हलली. लाल रेघ दिसली. धीरोजीने उडी घेतली.

ती उडी पाहणारे आजही तिच्याबद्दल बोलतात. वरून थेट फ्रीजवर, मध्ये काहीही नाही. पंचेचाळीस टक्के! जंगलाच्या इतिहासात एवढी सूट कुणालाही मिळाली नव्हती. माकडांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्राच्या पोपटाने त्याची मुलाखत घेतली. "धीर धरला," धीरोजी म्हणाला, "एवढंच." देताना त्याने जवळजवळ तेवढीच शिंगे मोजली, जेवढी फाल्गुनात दौलतने मोजली होती. कूपनाचे पाच टक्के तेवढे कमी. पण आज कोणी मागचे आकडे मोजत नव्हते.

"घेऊन जातो," धीरोजी म्हणाला.

"हा नमुन्याचा आहे, साहेब," शेठ म्हणाला. "तुमचा गोदामातून येईल. घरपोच. गर्दी आहे, चार दिवस इकडं तिकडं होतील. धीर तर तुमच्याकडं आहेच."

घरी येऊन त्याने आईला हलवले. "आई, पंचेचाळीस!"

आईने एक डोळा उघडला. "बरं झालं, बाळा. कुठाय?"

"येतोय."

"येऊ दे," आई म्हणाली आणि कूस बदलली.

चार दिवस झाले. इकडचे झाले, तिकडचेही झाले. एका संध्याकाळी दोन रानडुकरे फ्रीज घेऊन कड्याखाली आली. गुहेपुढे बरीच मंडळी जमली होती. सगळे खाली मान घालून बसले होते. रानडुकरांना वाटले, सगळे फ्रीजचीच वाट पाहत आहेत.

"सरका, सरका," मोठे रानडुक्कर म्हणाले. "माल नाजूक आहे. कुठं ठेवायचा, मालक?"

धीरोजीने गुहेतली दाराजवळची जागा दाखवली. तिथे आता बिछाना नव्हता. तो सकाळीच, ताराऊसोबत, ओढ्यापलीकडे नेला होता.

अस्वल वैद्य येऊन गेले. त्यांनी धीरोजीकडे पाहिले, मग फ्रीजकडे पाहिले. दौलत तरस आला. तो मागे एका दगडावर बसला आणि त्या दिवशी हसला नाही. तरसाला न हसता बसायला फार त्रास होतो, पण तो बसला.

मंडळी भेटायला येत राहिली. आलेल्याला पाणी द्यायची रीत असते. धीरोजीने फ्रीजमधले दिले. गार पाणी प्यायल्यावर दुःखी माणसालाही बोलावेसे वाटते, प्राण्यांना तर वाटतेच.

"फार वाईट झालं," चितळीण म्हणाली. "हा तोच का, पंचेचाळीसवाला?"

"हो," धीरोजी म्हणाला.

"दोन दारांचा आहे?"

"वरचं बर्फाचं."

"आवाज किती हळू येतो हो," रानगवा म्हणाला. "आमचा किती गुरगुरतो! आणि आम्हाला वीसच टक्के." मग त्याला कुठे आलो आहोत ते आठवले. "म्हातारी पुण्यवान. शेवटपर्यंत हिंडती-फिरती होती."

धीरोजीला बरे वाटत होते. तो प्रत्येकाला दार उघडून दाखवी. आईचे काय झाले हे सांगताना त्याचा आवाज स्थिर असे. कप्पे सांगताना तो थोडा भरून येई. लोक म्हणाले, मन खंबीर आहे, पण आतून हलला आहे.

दहाव्याच्या दिवशी पोपट वर्तमानपत्र टाकून गेला. गुहेत नातेवाईक बसले होते. धीरोजीने पहिले पान पाहिले. त्यावर लिहिले होते : 'ग्राहकांच्या आग्रहास्तव महासेल आणखी आठ दिवस! फ्रीजवर आता पन्नास टक्के! तोच फ्रीज! सोबत पाव भाजायचे यंत्र मोफत!'

आई गेली तेव्हा धीरोजी रडला नव्हता. तिला ओढ्यापलीकडे ठेवून आला तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते. आता त्याने फ्रीजच्या दारावर कपाळ टेकले आणि असा हंबरडा फोडला की कड्यावरची वटवाघळे दिवसाढवळ्या उडाली.

नातेवाइकांनी त्याला धरले. थोरल्या मावशीने त्याच्या पाठीवरून जीभ फिरवली. तिचेही डोळे भरून आले.

"रड, बाळा, रड," मावशी म्हणाली. "मी म्हणतच होते, याच्या पोटात किती साचलं असेल. आईवर असा जीव असलेला मुलगा या दिवसांत बघायला मिळत नाही."

तात्पर्य : मुलांनो, मोठ्या वस्तूच्या खरेदीत कधीही घाई करू नये. घाई फक्त म्हाताऱ्यांना असते, आणि त्यांच्यासाठी कुणी सेल लावत नाही.